वरची दोरी, खालचा गुंता

अंडरपासमध्ये पाणी भरलं की तुम्ही आधी कुणाच्या नावाने बोटं मोडता? खरं सांगा. पंपवाल्याच्याच ना? झोपला असेल मेला, चहा ढोसत बसला असेल, फुकटचा पगार खातो. एवढं बोललं की आपलं नागरिकशास्त्र संपलं. मग चपला हातात घ्यायच्या, कपडे गुडघ्यापर्यंत वर करायचे आणि घरी जाऊन टीव्ही लावायचा.

बंगळुरातल्या येलहंक्याच्या नयना मोहितेने एवढ्यावर भागवलं नाही. तिने पंपवाल्याची नोकरीच घालवायची सोय केली. आणि मग तीच नोकरी वाचवायला तिला स्वतःच्या माणसांशी भांडायला उभं राहावं लागलं.

नयना कोण, ते आधी सांगायला हवं. ती बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या बाजारामागच्या गल्लीत जन्मली. बाप शिंपी, आजा शिंपी, आणि त्यांच्या आधीचं कोण कधी बंगळुरात आलं ते कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, पण ती कानडी मिसळलेली, 'जरा'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' म्हणणारी: 'स्वल्प थांब', 'सरी, येते' अशी. कॉलनीत पुण्याहून नव्याने आलेल्या पोरीसुनांना तिचं मराठी ऐकून हसू यायचं, आणि नयनाला त्यांचं. लग्न होऊन ती येलहंक्यात आली. नवरा प्रतापराव कारखान्यात होता, अबोल माणूस. दोघांच्या वाटचं बोलायचं काम नयनाने स्वतःकडे घेतलं आणि त्यात कधी खाडा केला नाही.

कॉलनीच्या तोंडाशी तिचं पिको-फॉलचं दुकान आहे. शाळा आठवीत सुटली. तक्रार कुठे करायची, माहिती कुठून मागायची, कुठल्या साहेबाला जेवणाच्या सुट्टीआधी गाठायचं, हे सगळं ती सरकारी बाकांवर बसून शिकली. कोपऱ्यावरचा दिवा, कचऱ्याची गाडी, बसचा थांबा, यातलं बरंचसं तिच्या आवाजाने आलेलं आहे. हे तिला माहीत होतं, आणि दुसऱ्यांनी विसरू नये याचीही ती काळजी घेई.

तर ही कॉलनी रेल्वेच्या रुळांपलीकडे. शाळा, दवाखाना, बाजार सगळं रुळांच्या अलीकडे. मधे अंडरपास, जायला-यायला तोच एक रस्ता. बंगळुरातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. दुपारभर ऊन असतं आणि चारला आभाळ फाटतं. तिन्ही बाजूंच्या उतारांचं पाणी अंडरपासच्या खोलगट बुडाशी गोळा होतं. ते उपसायला तिथे पंप बसवलेला आहे, आणि तो चालवायला कंत्राटावरचा माणूस, शेषगिरी. पन्नाशीचा, कानडी बोलणारा, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. पाणी चढलं की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून एक तरंगता गोळा होता म्हणे. तो कधीच गाळात रुतून बसला. त्यामुळे स्टार्टरचं बटण हाताने दाबायचं. शिवाय शेषगिरीकडे असे दोन अंडरपास. आभाळ भरलं की तो या टोकाहून त्या टोकाला सायकल हाणायचा.

यंदाच्या पावसात शाळेची व्हॅन अंडरपासमध्ये बंद पडली. आत कॉलनीतली पोरं. लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. शेजारच्या सुखदाची मुलगी तर भीतीने इतकी गारठली होती की आईच्या गळ्याला घातलेले हात सोडीना. सगळी पोरं बाहेर आली तेव्हा शेषगिरी सायकलवरून धापा टाकत पोचला.

नयनाने त्याला तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत झाडला. कानडीत झाडला, म्हणजे एकही शब्द वाया जायला नको. तो गप्प उभा राहिला. गप्प उभं राहणारा माणूस तिला कबुलीजबाब दिल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी ती कॉलनीतल्या बायका घेऊन वॉर्ड ऑफिसात गेली. आजवर तिथल्या इंजिनिअरने तिला कधी एका फेरीत उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्याने खुर्च्या मागवल्या, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की माणूस बदलू, गणपती झाले की दुसरा येईल. इतकं सोपं काम तिने आयुष्यात केलं नव्हतं. खरं तर तिथेच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. सरकारी ऑफिसात एखादं काम लोण्यासारखं झालं, तर समजायचं की ते काम आपलं नव्हतंच, त्यांचं होतं. पण जिंकलेल्या माणसाला हे कोण सांगणार? गणेश मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष नरसिंहरावांनी तिचं नाव घेऊन कौतुक केलं, आणि ती लाजल्यासारखं करून मनापासून सुखावली.

पुढचा पाऊस आठवड्याभराने आला. आभाळ काळवंडताच नयनाने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि छत्री घेऊन निघाली. शेषगिरीला चहाच्या टपरीवर पकडायचा, हा तिचा बेत. टपरीवर तो नव्हता. तो अंडरपासच्या उतारावर होता, लुंगी वर खोचलेली, पाय अनवाणी, हातात लांब सुका बांबू. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलेलं, आणि तो एकेक पाऊल चाचपत आणखी आत चालला होता.

स्टार्टरची पेटी आत, बुडाशी, भिंतीला लावलेली होती. पाणी जिथे सगळ्यात आधी भरतं नेमकी तिथे. पेटीच्या खालच्या कडेला पाणी टेकायला वीतभर उरलं असेल. शेषगिरी लांबच थांबला, बांबूच्या टोकाने पेटीचं दार उघडलं, डोळे घट्ट मिटले आणि बटण दाबलं. पंप घरघरला. तो तसाच डोळे मिटून काही क्षण उभा राहिला. आपण अजून आहोत ना, हे तपासत असावा.

 तो बाहेर आल्यावर नयनाने विचारलं, पण आवाजात त्या दिवशीचाच चढ होता, कारण दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता.

"अरे, ही पेटी पाण्यात कुणी लावली? वर रस्त्यावर लावता येत नव्हती?"

शेषगिरीने टॉवेल पिळला. "वरच होती, अक्का. तुमच्या गणपतीने खाली पाठवली."

तिला वाटलं हा टोमणा आहे. देवाचं नाव मधे आणतोस, असं काहीतरी ती बोलली. त्याने वाद घातला नाही. वर कॉलनीच्या कोपऱ्याकडे नुसती हनुवटी उडवली आणि सायकल काढली, कारण दुसरा अंडरपास भरत होता.

नयना कोपऱ्यावर आली. दरवर्षी मांडव पडतो ती जागा. सिमेंटचा चौथरा, आणि चौथऱ्यातून वर आलेले चार गंजके बोल्ट. या बोल्टांशी तिची जुनी ओळख. दर वर्षी रांगोळी काढताना पायाचं बोट ठेचायचं, दर वर्षी ती शिव्या घालायची. शेवटी तिनेच चिंध्या भरून एक जाड गादी शिवली आणि बोल्टांवर टाकली. बोल्ट इथे का आहेत, त्यांच्यावर पूर्वी काय उभं होतं, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. दिवा का बंद आहे हे जिने मंत्र्याच्या माणसाला विचारलं होतं, तिला आपल्याच मांडवाच्या पायाखालचं विचारावंसं वाटलं नव्हतं.

टपरीवाल्याने उरलेलं सांगितलं. पेटी इथेच होती. वर रस्त्यावर, कोरड्यात. आभाळ भरलं आणि शेषगिरी दुसरीकडे अडकला असला, तर टपरीवालासुद्धा येऊन बटण दाबायचा. काही वर्षांपूर्वी मांडव मोठा झाला आणि पेटी नेमकी दर्शनाच्या रांगेत आली. लहान पोरं हात लावतील, दिव्यांच्या माळा जवळ, उगाच धोका नको, म्हणून मंडळानेच विनंती करून ती खाली हलवून घेतली. दहा दिवसांपुरती. मग विसर्जन झालं, महाप्रसाद झाला, मांडव उतरला, आणि पेटी राहिली खालीच.

नयना दुकानात येऊन मशीनवर बसली. तिच्याकडे पिको शिकायला येणाऱ्या बाया असतात. त्यांच्या कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की त्या बॉबिन काढून बसतात, तिलाच झटकतात, तिलाच फुंकतात. नयना दर वेळी त्यांच्यावर ओरडते. गुंता खाली दिसतो, पण चूक वरच्या दोरीची असते. आधी वर बघा, ओवताना दोरी कुठे निसटली ते बघा. बापाने तिला हे एका टपलीत शिकवलं होतं, आणि तीही त्याच मापाने शिकवत आली होती. त्या संध्याकाळी तिने कापड लावलं, पाय मात्र पायट्यावर नुसता ठेवून बसली. प्रतापरावांनी चहा आणून दिला आणि काय झालं म्हणून विचारलं. तिने सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मग आता वर बघ."

दुसऱ्या दिवशी ती वॉर्ड ऑफिसात एकटी गेली आणि तक्रार मागे घेते म्हणाली. तक्रार मागे घेणं सोपं असतं तर काय हवं होतं. इंजिनिअरने यावेळी खुर्ची मागवली नाही. कंत्राटदाराला कळवून झालंय, अंडरपास भरतो ही गोष्ट खरी आहे, मग कुणाला तरी जबाबदार धरायला नको का, असं त्याने तिलाच विचारलं. तिने पेटीचं सांगितलं. तो म्हणाला, पेटी वर घ्यायला आमची ना नाही, जागा मोकळी करून द्या. पण तुमच्याच मंडळाने अर्ज करून ती हलवली आहे, तेव्हा तुमच्याच मंडळाने यावं. पेटी वर आली आणि पाणी थांबलं, तर माणूस बदलायचं कारणच उरणार नाही. म्हणजे शेषगिरीची नोकरी आता त्या चार बोल्टांवर येऊन ठेपली होती, आणि बोल्टांवर दोन आठवड्यांनी गणपती बसणार होता.

मंडळाची बैठक नरसिंहरावांच्या घरी भरली. नरसिंहराव म्हणजे सार्वजनिक क्षेत्रातल्या कारखान्यात जन्म काढलेले इंजिनिअर, सत्तरी ओलांडलेली, शब्दाला पक्के. मांडवाचा आराखडा दर वर्षी तेच काढतात, पट्टी लावून. नयनाने सगळं सांगितलं. ती मवाळ बोलायचं ठरवून गेली होती. ते ठरवणं पहिल्या दोन वाक्यांत संपलं. आपण पेटी पाण्यात ढकलली आणि आता पाण्यात उतरणाऱ्याला हाकलतोय, असं ती म्हणाली. 

हिंजवडीहून हेब्बाळच्या टेक पार्कात बदली होऊन आलेला शंतनु मधे पडला. "काकू, चिल. मी ॲपवर तिकीट रेझ करतो ना. ट्रॅक होईल, एस्कलेट होईल."

"होईल रे बाबा. तोवर शेषगिरीपण ट्रॅक होईल. कुठल्या तरी वॉर्डात, पांढऱ्या चादरीखाली."

नरसिंहरावांनी चष्मा काढला. मांडवाची जागा हलणार नाही, असं ते शांतपणे म्हणाले. कोपरा आहे म्हणून दोन्ही रस्त्यांवरून दर्शन होतं, मूर्ती पूर्वेकडे तोंड करून बसते, आणि पेटी हलवली ती पोरांच्या काळजीपोटी, कुणाच्या वाइटासाठी नाही. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. नयनाला त्याचाच राग आला. खोट्याशी भांडायची तिला सवय होती. खऱ्याशी कसं भांडायचं?

"काका, तुम्ही वाईट केलं असं मी म्हणतच नाही," ती उठून म्हणाली. "चांगलंच केलंत. पण ते करून आपण जेवायला गेलो. पुढे काय झालं ते बघायला कुणी परत आलं नाही. मीसुद्धा नाही. मी तर वर गादी शिवून टाकली." दाराशी जाऊन ती वळली. "झालर यंदा मी शिवणार नाही. पेटी वर आल्याशिवाय मांडवाला माझा टाका लागणार नाही."

मांडवाची झालर म्हणजे कॉलनीची शान. भगवी, कडेला सोनेरी किनार, दर वर्षी नवी, आणि शिवणारी एकच. बाजारातून तयार आणू, असं मागून कोणीतरी म्हणालं. आणा की, म्हणून ती जिना उतरली.

पुढचे काही दिवस कॉलनीत तिच्याकडे कुणी साडी टाकली नाही. नमस्काराला नमस्कार मिळायचा, पण त्यात मीठ नसायचं. देवाच्या कामात आडवी आली, असं नळावर बोललं गेलं आणि ते तिच्यापर्यंत पोचेल याची सोयही झाली. फक्त सुखदा येऊन एक परकर टाकून गेली, आणि जाताना म्हणाली की पोरीला अजून व्हॅनमध्ये बसवत नाही, चालत नेते. नयनाने परकर शिवला. रोज दुपारी ती आभाळाकडे बघायची. पाऊस यावा असं वाटायचं आणि येऊ नये असंही.

तो आला. यावेळी ती टपरीकडे गेली नाही. सरळ नरसिंहरावांच्या दाराशी जाऊन उभी राहिली, भिजलेली.

"काका, या. वाद घालायला नाही. नुसतं बघायला या."

ते का उठले ते त्यांनाच ठाऊक. कदाचित तिने पहिल्यांदाच हळू आवाजात काही मागितलं म्हणून असेल. छत्री घेऊन, पँट मोज्यात खोचून ते उताराच्या टोकाशी आले. शेषगिरी नुकताच पोचला होता, बांबू घेऊन आत चालला होता. यावेळी पाणी जास्त होतं. पेटीच्या खालच्या कडेला ते चाटत होतं.

नरसिंहरावांनी आयुष्यभर विजेचंच काम केलं होतं. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांच्या हातातली छत्री खाली आली आणि ते कानडीत ओरडले, "बेडा! शेषगिरी, नको! हात लावू नकोस, बाहेर ये."

शेषगिरी पाण्यात तसाच थांबला. त्याने आधी नयनाकडे बघितलं. पंप चालू झाला नाही की बोलणी कुणाला बसतात हे त्याला पाठ होतं.

"या, अण्णा," नयना म्हणाली. "भरू दे पाणी. आज कुणी काही बोलणार नाही. मी इथे उभी आहे."

तो बाहेर आला. नरसिंहरावांनी वीज ऑफिसात फोन करून लाइन बंद करायला सांगितली, आणि त्या दिवशी अंडरपास काठोकाठ भरला. कॉलनीकडच्या तोंडाशी नयना आणि ते उभे राहून गाड्या परतवत राहिले. हॉर्न वाजवणाऱ्या एका मोटारवाल्याने पंपवाला कुठे मेलाय म्हणून विचारलं. नरसिंहरावांनी खिडकीत वाकून सांगितलं, "पेटी मी खाली लावलीय. काय बोलायचं ते मला बोला."  मोटारवाल्याने काच वर केली.

त्यानंतर गोष्टी ज्या वेगाने झाल्या तो वेग नयनाला खऱ्या कामात कधी मिळाला नव्हता. नरसिंहरावांनी अर्ज लिहिला, आराखडा काढला, पट्टी लावून, आणि स्वतः वॉर्ड ऑफिसात जाऊन बसले. नयना शेजारच्या बाकावर. एक गप्प बसून दबाव टाकायचा, दुसरी बोलून. साहेब जेवणाच्या सुट्टीला उठला की दोघं त्याच्याबरोबर उठायची. गणपतीच्या आदल्या आठवड्यात चार बोल्टांवर पेटी परत उभी राहिली, आणि चौथऱ्यावर मंडळाने पत्र्याचं छप्परही घालून दिलं. गाळात रुतलेला गोळा मात्र अजून रुतलेलाच आहे; त्याच्यासाठी दोघांच्या फेऱ्या चालू आहेत.

मांडव नयनाच्या दुकानाशेजारच्या बोळात गेला. अरुंद जागा, एकाच रस्त्यावरून दर्शन, आणि मूर्तीचं तोंड पूर्वेऐवजी उत्तरेला. यावर कुरकुर झाली, ती आरतीपर्यंत टिकली आणि मोदकांपाशी विरली. झालर नयनानेच शिवली. बोळाच्या मापाला आखूड, पण किनार दुहेरी लावली, कारण हरल्यासारखं दिसणं तिला परवडत नव्हतं.

गौरी बसल्या त्या दिवशी चारला आभाळ फाटलं. शेषगिरी दुसऱ्या अंडरपासवर होता. टपरीवाल्याने छत्री डोक्यावर धरून दोन पावलं टाकली, बटण दाबलं आणि परत येऊन दूध ढवळायला लागला. अंडरपासमधून गाड्या जात राहिल्या. शाळेची व्हॅन गेली, आत सुखदाची मुलगी खिडकीशी होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी व्हिडिओ काढला नाही. काढणार कशाचा? काही झालंच नव्हतं. नयना दुकानाच्या पायरीवर उभी राहून ते न झालेलं बघत होती.

शेषगिरीची नोकरी राहिली. विसर्जनाच्या दिवशी तिने त्याला बोलावून प्रसादाचं ताट दिलं आणि सगळ्यांदेखत माफी मागितली. ज्या आवाजात झाडला होता त्याच आवाजात, म्हणजे तेवढ्याच लोकांना ऐकू जायला हवं. त्याने ताट घेतलं. "सरी, अक्का," एवढंच म्हणाला आणि डोक्याचा टॉवेल सारखा करत सायकलकडे गेला. माफ केलं की नाही, ते त्याने सांगितलं नाही. त्याने का सांगावं?

आता तुमचं बोला. तुमच्याकडेही एखादा अंडरपास असेल, एखादी तुंबलेली गटार, एखादी बंद लिफ्ट, आणि तिच्यापाशी रोज शिव्या खाणारा एक माणूस. पुढच्या वेळी त्याच्यावर तोंड टाकायच्या आधी एक काम करा. त्याच्या हातापासून उलटे चालत वर या, आणि वाटेत तुमच्याच मांडवाची गादी कुठल्या बोल्टांवर पसरली आहे का, ती उचलून बघा.